राणीचा रुपया आणि आत्याची चिंच

राणीछाप रुपयावर 1862 हे साल असतं. त्यावर विश्वास ठेवू नये.

पाहुणे आले, बोलणं जुन्या वस्तूंकडे वळलं आणि मी डबी काढली, की पाहुणा रुपया हातात घेऊन आधी वजाबाकी करतो. "बाप रे, म्हणजे एकशे साठ वर्षं होऊन गेली की!" मग मला सांगावं लागतं, की झाली असतील, किंवा दीडशेच झाली असतील. मुकुट घातलेल्या व्हिक्टोरिया राणीचा हा रुपया 1862 साली पहिल्यांदा पडला हे खरं. पण पुढे दहाबारा वर्षं टांकसाळीतून जे रुपये बाहेर आले, त्यांच्यावरही 1862च राहिलं. खरं साल घालायला सुरुवात झाली ती 1874 मध्ये. आमच्याकडे मागच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोच लिहिला. राणीच्या रुपयाचंही तसंच झालंय. गुरुजी तेवढे कलकत्त्याचे.

बरं, ही खोड एकट्या 1862ची नाही. ईस्ट इंडिया कंपनीने 1835 साली आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्यावर चौथा विल्यम आहे, आणि त्याच्या नावापुढचा चार हा आकडा रोमन रिवाजाप्रमाणे न लिहिता सरळ चार उभ्या काठ्या मारून लिहिलाय. ते 1835 साल 1840पर्यंत चाललं. मग 1840 साली राणीचा कोवळा, बिनमुकुटाचा चेहरा आला आणि ते साल 1862पर्यंत चाललं. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांत रुपयावर सालं बदलली ती तीन. मधे सत्तावन्न साल येऊन गेलं, कंपनी बुडाली, राणीचा जाहीरनामा निघाला. रुपयावर आपलं 1840 चालूच.

या प्रकाराच्या मुळाशी आपले सराफ आहेत. पूर्वी रुपयावर बादशहा गादीवर बसल्याचं कितवं वर्ष ते घातलेलं असे. यंदाचा रुपया पुरा; मागच्या सालचा आला की सराफ बट्टा कापायचा, त्याच्या मागचा आला की आणखी कापायचा. चांदी तीच, वजन तेच, केवळ जुना झाला म्हणून रुपयाची किंमत उतरायची. बंगालमध्ये कंपनीने यावर तोडगा काढला तो असा, की शाह आलम बादशहाचं एकोणिसावं वर्ष ठशावर कायमचं कोरून टाकायचं. सगळेच रुपये एकोणिसाव्या वर्षाचे म्हटल्यावर सराफ कापणार काय? पुढे बादशहा म्हातारा झाला, 1788 साली त्याचे डोळे काढले गेले, 1806 साली तो वारला. रुपयावर त्याचं एकोणिसावं वर्ष 1835पर्यंत सुखाने नांदत होतं.

तर साल खोटं. मग खरं काय? ठिपके.

मुंबईच्या टांकसाळीने 1862च्या रुपयावर, तारखेखाली आणि काही नाण्यांवर वरच्या बाजूलाही, बारीक ठिपके सोडले आहेत. डोळ्यांना ते नक्षीचाच भाग वाटतात. कुठल्यावर एक, कुठल्यावर दोन, कुठल्यावर पाच. मेजर फ्रेड प्रिडमोर नावाच्या माणसाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांची जाडजूड सूची केली, तेव्हापासून जगभरचे लोक हे ठिपके मोजत बसले आहेत. ठिपक्यांवरून पडलेलं साल काढायचं, ही त्यामागची कल्पना. मोठ्या अक्षरांत सरकार बोलतं, ठिपक्यांत टांकसाळीतला कारकून बोलतो, आणि माझा अनुभव असा, की कारकुनाचं ऐकावं.

माझ्या रुपयावरचे ठिपके मोजायला आमचे भाऊ आले होते. भाऊ म्हणजे नाणीवाले भाऊ. गावातली निम्मी जुनी नाणी त्यांच्या कपाटात आहेत आणि उरलेली कुणाकुणाच्या देव्हाऱ्यात आहेत याची त्यांना पक्की खबर असते. ते बोलायच्या आधी भिंग काढतात. दहापट मोठं दाखवणारं ते भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवून, नाणं दिव्याखाली जरा कलतं धरून, श्वास रोखून बघायचं, अशी त्यांची रीत.

"दोन ठिपके," भाऊ म्हणाले. माझी छाती फुगली. "थांबा, थांबा. एक लाल दिसतोय."

"लाल?"

"कुंकू आहे हो. लक्ष्मीपूजनाचं."

मेडिकलच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणून त्यात रुपया रात्रभर बुडवून ठेवला. घासायचं नाही, पुसायचंही नाही, नुसता बुडवायचा. एवढं नाणीवाल्यांच्या शास्त्रात बसतं. सकाळी पाण्याला किंचित गुलाबी झाक होती आणि ठिपका एकच उरला होता. एवढ्यावर ओळख संपत नाही. राणीच्या पोशाखाच्या पुढच्या भागावर कलाकुसरीचे पट्टे आहेत; ते कसे आणि किती यावरून मुखवटा ए प्रकारचा की बी प्रकारचा ते ठरतं. मागच्या बाजूला नक्षीच्या वेटोळ्यात वरती जे फूल आहे, त्याच्या पाकळ्या कशा उमललेल्या आहेत यावरून मागच्या ठशाचा प्रकार पहिला की दुसरा ते ठरतं. आम्ही दोघं पोक्त माणसं एका परक्या बाईच्या पोशाखाचे पट्टे मोजत बसलेलो पाहून सौ. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मी काल कुठली साडी नेसले होते ते विचारा यांना." भाऊंनी भिंग काढलंही नाही. त्यांच्या घरी हे आधी होऊन गेलेलं असावं.

माझ्या डबीत अजून एक रुपया आहे, तो अगदी वेगळ्या घराण्याचा. अंकुशी. राणीचा रुपया यंत्रावर पडलेला, म्हणून आपल्या लोकांनी त्याला कळीचा, कलदार म्हटलं. तो वाटोळा, काठावर चिरे, सगळा कसा रेषेत. अंकुशी हातचा. चांदीचा तुकडा वजनाला बरोबर करायचा, खालच्या ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. ठसा तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे मजकुरातला जेवढा भाग चांदीवर पडला तेवढा पडला, बाकीचा हवेत. माझ्या रुपयावर फारशी अक्षरांच्या तीन तुटक्या ओळी, एक लांबलचक वेलांटी, दोन नुकते आणि कडेला हत्तीच्या माहुताचा अंकुश, असा ऐवज आहे. एवढ्यावरून राजा ओळखायचा, गाव ओळखायचं आणि साल ओळखायचं.

पहिल्यांदा गाव. पुण्याच्या टांकसाळीचं नाव नाण्यावर मुहियाबाद असं येतं. औरंगजेबाने आपल्या नातवावरून ते नाव पुण्याला दिलं होतं. औरंगजेब गेला, मोगलाई गेली, शनिवारवाडा उभा राहिला, तरी पेशव्यांच्या रुपयावर पुण्याचं नाव मुहियाबादच. आणि राजा? शाह आलम बादशहा. म्हणजे ज्याला महादजी शिंद्यांनी दिल्लीत पुन्हा गादीवर बसवला, त्याच्याच नावाने पुण्यात रुपये पडत होते. बादशहाचं नाव घातलं की रुपया बाजारात चालतो, मग नावाचं आपलं काय जातं, असा सरळ व्यवहार. पुढे 1818 साली पेशवाई बुडाल्यावरही इंग्रजांनी काही वर्षं पुण्यात अंकुशीच पाडला, अंकुशासकट. त्या नाण्यांवर फसली साल येतं, पण ते साल नेमकं तुकड्यावर आलेलं असलं तर. माझ्या रुपयावर ते आलेलं नाही. त्यामुळे माझा अंकुशी पेशव्यांचा की एल्फिन्स्टन साहेबाच्या अमदानीतला, हा वाद भाऊ आणि मी आलटून पालटून दोन्ही बाजूंनी घालतो. मी पेशव्यांच्या बाजूचा असलो की ते इंग्रजांकडे जातात. गंमत बघा: राणीच्या रुपयावर सगळं स्वच्छ वाचता येतं आणि साल खोटं, अंकुशीवर काही धड वाचता येत नाही आणि जे वाचता येतं त्यातला राजा नावापुरता. एका बाजूला ठिपका, दुसऱ्या बाजूला अंकुश, एवढंच काय ते भरवशाचं.

यानंतर तराजू. राणीच्या रुपयाचं ठरलेलं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा; त्यात बारापैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. माझा भरला 11.43. खरा की खोटा हे बघायला अॅसिडची गरज नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याला बांधलेला रुपया पाण्यात लोंबकळत सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. काटा जेवढं दाखवेल तेवढं पाणी रुपयाने बाजूला सारलं. माझ्या काट्याने 1.11 दाखवलं. 11.43ला 1.11ने भागलं की 10.3 येतात, आणि या कसाच्या चांदीची घनता तेवढीच असते. जस्ताचा किंवा पितळेचा असता तर हिशेब नऊच्या वर गेला नसता. आर्किमिडीजचा हा प्रयोग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, चहाच्या पेल्यात होतो, फक्त ओटा तेव्हा मोकळा मिळाला पाहिजे. उरला प्रश्न कमी पडलेल्या पाव ग्रॅमाचा. तो कुठे गेला याचा अंदाज बांधायला सोपा आहे: कनवटीत, कशात, बाजाराच्या दिवशी हातोहात, सराफाच्या दगडावर खणकन वाजून, आणि बराचसा चिंचेत. चिंचेचं पुढे येईलच.

खोट्या नाण्यांवर फार लिहीत नाही. दर महिन्याला कुणीतरी रुमालात बांधून एक तांब्याचं नाणं घेऊन येतं: एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818. कंपनीने असं नाणं कधीच काढलं नाही. ही देवळाबाहेर मिळणारी टोकनं आहेत. ते तांदूळ ओढून घेतं, असं सांगणाराही बरोबर असतो. त्याला चहा पाजावा आणि तांदूळ घरातले देऊ नयेत. जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळवून देतो म्हणून आधी फी मागणाऱ्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये इशारा दिला होता, कारण ते लोक बँकेचंच नाव वापरत होते.

ओळख पटली, खरेपणा पटला, की खरी भांडणं सुरू होतात. प्रतवारी.

नाण्याला गुण द्यायची जी पद्धत आज जगभर चालते, ती एक ते सत्तर अशी आहे. शंभर का नाहीत, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. त्याचं उत्तर विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञापाशी आहे. या गृहस्थाने आधी माणसांची प्रतवारी केली: गोलमटोल, पिळदार आणि किडकिडीत असे शरीराचे तीन घटक धरून प्रत्येकाला एक ते सात गुण. माणसं संपल्यावर तो नाण्यांकडे वळला. अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटवर त्याने 1949 साली पुस्तक लिहिलं आणि त्यात हे सत्तर आणले. हिशेब असा होता, की अगदी झिजलेल्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या सेंटची किंमत एक धरली, तर टांकसाळीतून आत्ताच आल्यासारख्या सेंटला त्याच्या सत्तरपट किंमत यावी. म्हणजे गुण हे मुळात भाव होते. ते भाव पुढे दोनचार वर्षंसुद्धा टिकले नसतील, पण सत्तर मात्र चिकटले ते चिकटलेच. तांब्याच्या अमेरिकन सेंटसाठी केलेली मोजपट्टी आता मुंबईत पडलेल्या चांदीच्या राणीला लावतात. आणि ज्याने साऱ्या जगाला नाण्यांची पारख शिकवली, त्याने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्यांच्या जागी आपले कमी प्रतीचे ठेवून दिले होते, हे तो गेल्यानंतर उघडकीला आलं. प्रत ओळखण्यात माणूस पक्का होता, यात वाद नाही.

या मोजपट्टीवरचे शब्द मोठे मानभावी आहेत. 'गुड' म्हणजे चार गुण, सत्तरपैकी. गुड नाण्यावर राणीची बाह्यरेषा दिसते, बाकी मैदान. 'व्हेरी गुड' आठ. 'फाइन' बारा. 'व्हेरी फाइन' वीसपासून, 'एक्स्ट्रिमली फाइन' चाळीसपासून, आणि साठाच्या पुढे ती नाणी, जी कुणीच कधी खर्च केली नाहीत. सत्तरपैकी चाळीस गुण मिळवणारं नाणं आपल्याकडे हातात मिळालं तर लोक 'अगदी नवं आहे हो' म्हणतील. आमच्या भागातले नाणीवाले हे सगळं अक्षरांत बोलतात: व्हीएफ, ईएफ, यूएनसी. टेबलाच्या एका बाजूला ठेवलेला ईएफ रुपया सरकत सरकत दुसऱ्या बाजूला, म्हणजे घेणाऱ्याकडे, जाईपर्यंत व्हीएफ होतो, आणि त्याच घेणाऱ्याने महिन्याभराने विकायला काढला की मधल्या काळात त्याची प्रकृती सुधारून तो पुन्हा ईएफ झालेला असतो. हे मी भाऊंच्या घरी कितीदा पाहिलंय.

झीज बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. ठशातला जो भाग सगळ्यात उंच, तो आधी जातो. राणीच्या बाबतीत गाल, कानावरचे केस, मुकुटाची रत्नं, मग पोशाखाची कलाकुसर. माझ्या राणीचा गाल सपाट झालाय, पण मुकुटातले खडे मोजता येतात आणि केसांच्या बटा सुट्या दिसतात. भाऊंनी भिंगातून बराच वेळ बघितलं आणि "ईएफ होता," असं म्हटलं. भूतकाळ माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला.

"होता म्हणजे?"

"धुतलाय."

हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजात डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात. मग त्यांनी मला दाखवलं. टांकसाळीत ठशाखाली चांदी दाबली जाते तेव्हा ती मधून कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघांचा पसारा राहतो. न वापरलेलं नाणं दिव्याखाली फिरवलं, की त्या रेघांवरून उजेडाचा एक पट्टा गोल गोल धावतो. भाऊंच्या खिशात नमुन्याचं एक नाणं होतं, त्यावर तो पट्टा धावला. माझ्या रुपयावर उजेड पडला आणि होता तिथेच बसून राहिला. वर आणखी केसाएवढे ओरखडे, सगळे एका दिशेने, अंगठ्याने गोल फिरवत घासल्याचे. पट्टीचा माणूस या ओरखड्यांवरून घासणारा उजव्या हाताचा होता हेही सांगेल. अशा नाण्याला मोठमोठ्या प्रमाणपत्रवाल्या कंपन्या आकडा देत नाहीत. ईएफ डिटेल्स, क्लीन्ड, असा शेरा मारून परत करतात.

घासणारी व्यक्ती उजव्या हाताची होतीच, आणि ती तेव्हा आत देवघरात निरांजनाची वात वळत बसली होती.

आत्याला हा रुपया तिच्या आईकडून आला आणि आईला सासूकडून. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ताटात तो बसतो. आधी भिजवलेली चिंच लावायची, मग चिमूटभर रांगोळीने घासायचं, मग पंचामृत, मग हळदकुंकू. या घरात एवढ्या दिवाळ्या झाल्या, म्हणजे राणीच्या गालावरून किती रांगोळी फिरली असेल याचा हिशेब करण्यात अर्थ नाही. चिंचेतलं आम्ल काळेपणा काढतं, हे आत्याला ठाऊक आहे. हवेतल्या गंधकाने चांदीवर जो काळसर पापुद्रा येतो, तोच नाणीवाल्यांना प्यारा असतो, त्याला ते टोनिंग म्हणतात आणि त्याच्यावर निळीजांभळी झाक आली तर जादा पैसे मोजतात, हे तिला ठाऊक नव्हतं. भाऊंनी ते सांगायचं मनावर घेतलं.

"आत्याबाई, हा तुम्ही चिंचेने धुता का?"

"मग न धुता ठेवू लक्ष्मीपुढे?"

"अहो, पण त्याने ईएफ गेला ना."

"कोण गेलं?"

मी मधे पडलो आणि सोप्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला, की काळा रुपया चांगला आणि पांढरा वाईट. आत्याने माझ्याकडे बघितलं, भाऊंकडे बघितलं आणि दिव्यात तेल घातलं. काळा रुपया देवापुढे ठेवायला सांगणाऱ्या माणसाला घरात कुणी येऊ दिलं, असं ते बघणं होतं. खरं सांगायचं तर माझंही मन तिच्या बाजूला झुकतं. भाऊंच्या शास्त्रात सगळ्यात वरचा रुपया तो, जो टांकसाळीतून निघून थेट कुठल्यातरी थैलीत गेला आणि कुणाच्याच कामी आला नाही. ना त्याने बाजार केला, ना तो ओवाळणीत पडला, ना कडी लावून कुणाच्या गळ्यातल्या माळेत गेला. कडी लावलेला रुपया तर भाऊ हातातसुद्धा घेत नाहीत. झाळण दिसली की "एक्स-माउंट" म्हणून बाजूला सारतात. महाराष्ट्रात राणीछाप रुपये टिकले ते मात्र याच माळांत आणि याच ताटांत. बाकीचे मोडीत जाऊन वितळले.

मोड म्हटल्यावर सराफाकडेही एकदा जाऊन आलो. त्याने रुपया बोटांत फिरवला, काउंटरवर टाकला, आवाज ऐकला आणि काट्यावर ठेवला. ठिपक्याकडे त्याने बघितलं नाही आणि धुतलाय का तेही विचारलं नाही. बारापैकी अकरा भाग, वजा घट, आजचा भाव. आकडा कॅल्क्युलेटरवर तयार. काळा, पांढरा, एक ठिपका, पाच ठिपके, सगळ्यांना एकच दर. भाऊ याला अडाणीपणा म्हणतात. मला त्यात समतेचा थोडा वास आला, पण रुपया मी परत आणला.

भाऊंचं म्हणणं असं, की तरीही रीतसर प्रत लावून घ्यावी, परदेशात पाठवून, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून. इथे कायदा आडवा येतो. 1972च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे ज्या राणीने हयातीत हिंदुस्थानात एकदाही पाऊल टाकलं नाही, ती आता इथून बाहेर जाऊ शकत नाही. माझ्या डबीत पंचम जॉर्जचा 1918चा एक रुपया आहे, त्याची गोष्ट याच्या उलट. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारला रुपये पाडायला चांदी पुरेना, तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी इकडे धाडली. त्यामुळे जॉर्जच्या दाढीत थोडी अमेरिका असण्याचा बराच संभव आहे. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, की मग त्याला सोवळ्यात घ्यायचा की नाही.

गेल्या दिवाळीला भाऊंनी शक्कल काढली. लक्ष्मीपूजनाला राणी बाजूला ठेवायची, तिच्याऐवजी त्यांच्याकडचा सहाव्या जॉर्जचा 1943चा रुपया ताटात द्यायचा. तो कितीही घासला तरी कुणाचं काही जात नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, उरलेल्या निम्म्यात तांबं, निकल आणि जस्त घातलं, आणि बनावट नाणी होऊ नयेत म्हणून काठावर निराळी खाच ठेवली. दिसायला तेवढाच, चेहरा राजाचाच, शिवाय नुकताच पुसूनही आणला होता. आत्याचे डोळे आता साथ देत नाहीत, त्यामुळे बेत बिनबोभाट पार पडेल अशी आम्हा दोघांची खात्री होती.

आत्याने रुपया हातात घेतला, पितळेच्या ताटावर सहज टाकला आणि लगेच उचलला.

"हा कुठला आणलास रे?"

"का गं?"

"ह्यात हीण आहे. लढाईतला आहे हा. आई असले रुपये देवाला वापरायची नाही." आणि तिने हात पुढे केला. "माझा दे."

मी दिला. भाऊ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाजूच्या खुर्चीवरची पिशवी जवळ ओढली, तिच्यातून कागदाच्या पुड्या काढल्या, एकेक उलगडून रुपये ओळीने मांडले आणि घसा साफ करून म्हणाले, "आत्याबाई, हे एवढे जरा वाजवून बघता का? ह्या दोघांबद्दल मला बरेच दिवस शंका आहे."

"बघते की," आत्या म्हणाली. "पण आधी हात धुऊन या."